ॲप म्हणतं ५४ मेसेज गेले, सिम म्हणतं १०० संपले: पाठवलेल्या एसएमएसचा हिशेब का जुळत नाही

"आरं, तुझं ॲप खोटं बोलतंय बघ." रात्री साडेनऊला मामांचा फोन.

मामा गावाकडच्या एका लहान उपसा सिंचन संस्थेचं पाणीवाटप बघतात. शेतपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. तिच्यामागे पाळ्या फिरतात, आणि कुणाची पाळी किती वाजता, कुठल्या चेंबरवर, हे सभासदांना वेळेत कळवावं लागतं. पूर्वी पाटकरी सायकलवरून सांगत फिरायचा. व्हॉट्सॲपचा उपयोग नाही, निम्म्या लोकांकडे बटणाचे फोन आहेत. म्हणून मी एक छोटं अँड्रॉइड ॲप लिहून दिलं होतं. यादी निवडा, वेळ आणि चेंबर भरा, बटण दाबा. प्रत्येकाला मराठीत एसएमएस जातो आणि खाली आकडा दिसतो, "आज पाठवले".

त्या रात्री आकडा होता ५४. कंपनीचा मेसेज मात्र आला होता की आजचे १०० एसएमएस संपले. सिमवर बॅलन्स शून्य, त्यामुळे यादीतल्या शेवटच्या चौघांना काहीच गेलं नाही. त्यातला एक सकाळी मामांच्या दारात उभा: "माझी पाळी कुणाला दिली?"

हा हिशेब जुळवता जुळवता मला एकाच ॲपमध्ये पाच-सहा वेगवेगळ्या चुका सापडल्या. एक काढली की दुसरी वर यायची. क्लासवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, स्वतःपुरतं ॲप लिहिणारी पोरं, सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकानं हीच असते, म्हणून ज्या क्रमानं शोधलं तर वेळ वाचेल त्या क्रमानं लिहितो.

आधी मोजायचं काय ते ठरवा

"पाठवला" या एका शब्दाखाली चार आकडे लपलेले असतात. मामांनी किती जणांना पाठवायला सांगितलं, तो एक. त्यातले किती मोबाईलच्या नेटवर्कनं स्वीकारले, तो दुसरा. स्वीकारलेल्यांचे मिळून किती एसएमएस कंपनीनं पॅकमधून कापले, हा तिसरा. आणि समोरच्याच्या फोनवर किती पोचले, हा चौथा. मामांना पहिला आणि चौथा हवा असतो, कंपनी तिसरा मोजते, आणि माझं ॲप पहिला आकडा दाखवून त्याला दुसऱ्याचं नाव देत होतं. बटण दाबलं की मोजणी एकनं वाढव, एवढंच मी लिहिलं होतं. ते शेवटचे चौघेही त्यामुळे ५४ मध्ये धरले गेले.

मराठी मेसेजचे तुकडे

तुमचे मेसेज देवनागरीत असतील आणि कंपनीचा आकडा तुमच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट असेल, तर बाकी काही बघू नका, इथेच थांबा.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. तो १६० चा आकडा इथूनच आला. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट लागतात, म्हणून घरं उरतात फक्त ७०. मेसेज त्याहून लांब झाला की फोन त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला ६ बाइटची चिठ्ठी जोडतो: हा कितव्यातला कितवा. त्या चिठ्ठीपायी तुकड्यात जागा उरते इंग्रजीला १५३, मराठीला ६७. समोरचा फोन तुकडे जोडून एकच मेसेज दाखवतो, तुमच्या फोनवरही एकच फुगा दिसतो. कंपनी मात्र प्रत्येक तुकडा वेगळा मोजते.

त्यात घर म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त, सगळ्यांना स्वतंत्र घर लागतं. "नमस्कार" डोळ्यांना चार अक्षरांचा, फोनला सात घरांचा. "रात्री" दोन अक्षरं, सहा घरं. इमोजी बहुतेक वेळा दोन घरं खातो, काही इमोजी त्याहून जास्त.

मामांचा मेसेज असा होता:

"नमस्कार. तुमची पाण्याची पाळी आज रात्री ११.३० वाजता, चेंबर क्र. ४. वेळेवर यावे."

मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून मोजला तर ७८ घरं. म्हणजे दोन तुकडे. ५० माणसं झाली तिथेच १०० संपले, एक्कावन्नावा कोरडा राहिला. गणित इतकं चोख बसलं की मला थोडी लाजच वाटली.

मी सुचवलं, नमस्कार काढू. तो आणि त्यामागचा टिंब व जागा गेली की ९ घरं वाचतात, मेसेज ६९ वर येतो. मामा तयार होईनात. "बिननमस्काराचा मेसेज म्हणजे बँकेचा तगादा वाटतो. त्यापेक्षा 'वेळेवर यावे' काढ, तसंबी कोण वेळेवर येतंय." ते काढल्यावर मेसेज ६५ घरांचा झाला आणि चेंबरचा नंबर दोन आकडी झाला तरी एकाच तुकड्यात बसू लागला.

ॲप लिहिणाऱ्यांसाठी: घरं स्वतः मोजत बसू नका. अँड्रॉइडमध्ये "कॅल्क्युलेट लेंग्थ" हे तयार फंक्शन आहे. ते तुकडे किती, घरं किती वापरली, किती उरली आणि कुठली लिपीपद्धत लागली, हे सगळं सांगतं. एसएमएसच्या मानकात हिंदीसाठी वेगळा सात बिटांचा तक्ताही आहे, त्यात देवनागरी मजकूर कमी जागेत बसतो; पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही फोननं तो वापरला नाही, सगळे सोळा बिटांवरच गेले. तुमचा फोन काय करेल ते फोनलाच विचारलेलं बरं. मी आता लिहिण्याच्या चौकटीखालीच "६५/७०, १ एसएमएस" असं दाखवतो. ७१ झाले की आकडा लाल होतो, आणि मामा स्वतःच एखादा शब्द गाळतात.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. अख्ख्या इंग्रजी मेसेजमध्ये एक ₹ चिन्ह आलं, किंवा दुसरीकडून चिकटवताना एखादं वळणदार अवतरणचिन्ह आलं, की पूर्ण मेसेज सोळा बिटांवर जातो आणि १६० ची मर्यादा एकदम ७० वर येते. चौकोनी आणि महिरपी कंस सात बिटांतच राहतात, पण प्रत्येकी दोन घरं घेतात.

मग आकडा डबल झाला

बटणावर मोजणं बंद करून मी फोनच्या उत्तरावर मोजायला लागलो. एसएमएस पाठवताना ॲप फोनला एक निरोप्या देऊन ठेवतं, सेंट इंटेंट. काम झालं किंवा फसलं की फोन त्याच्यामार्फत कळवतो. बरोबर रस्ता आहे. फक्त लांब मेसेजला हा निरोप्या तुकड्यागणिक येतो. मेसेज लहान करायच्या आधी मी हे बदललं होतं, त्यामुळे ५४ माणसांचे १०८ दिसू लागले आणि मामा म्हणाले, "आता डबल दाखवतंय, आधीचंच बरं हुतं."

१०८ हा आकडा तुकड्यांच्या दृष्टीनं खरा होता, माणसांच्या दृष्टीनं खोटा. म्हणून दोन वेगळे आकडे ठेवा. मेसेजच्या नोंदीत "एकूण तुकडे" आणि "गेलेले तुकडे" असे दोन रकाने करा. दोन्ही सारखे झाले तरच माणसाच्या नावापुढे टिक. पॅकमधून मात्र गेलेला प्रत्येक तुकडा वजा. पहिला गेला आणि दुसरा अडकला, तर पैसे एकाचे कापले जातात आणि समोरच्याला अर्धवट मजकूर मिळतो किंवा काहीच मिळत नाही. ती नोंद "अर्धवट" म्हणूनच दिसली पाहिजे, गेलेल्यात धरू नये.

निरोप्या जे आकडे आणतो तेही फसवे आहेत. यशाचा आकडा आहे उणे एक. बिघाडांचे आकडे १ पासून पुढे: १ साधारण बिघाड, २ फोनचा रेडिओ बंद, ४ सेवाच नाही, ५ मर्यादा ओलांडली. आता गंमत अशी की फोनच्या मेसेजच्या कोठारात "स्टेटस" नावाचा रकाना असतो, त्यात उणे एकचा अर्थ "पोच मागितलेलीच नाही" आणि शून्य म्हणजे पोचला. एका ठिकाणचा उणे एक दुसऱ्या ठिकाणी वापरला की हिशेबाची वाट लागते. माझी लागली होती.

ती "मर्यादा ओलांडली" ही पॅकची मर्यादा नसते, हेही सांगून ठेवतो. मूळ अँड्रॉइडमध्ये एका ॲपनं थोड्या वेळात ३० हून जास्त एसएमएस पाठवायला घेतले तर फोन मध्येच विचारतो: हे ॲप खूप मेसेज पाठवतंय, जाऊ देऊ का? उत्तर येईपर्यंत मेसेज खोळंबतात, रांग वाढली की पुढचे नाकारले जातात. मामांनी ती चौकट दिसली की न वाचता होकार द्यायची सवय लावून घेतली होती, म्हणून मला कधी कळलंच नाही. ज्या दिवशी फोन चार्जिंगला लावून ते जेवायला बसले, त्या दिवशी कळलं. आता ॲप २५ मेसेज झाले की थांबतं आणि अर्ध्या तासानं पुढचे पाठवतं.

सगळ्यांची पोच एकाच्याच नावावर

समोरच्या फोनवर मेसेज पोचल्याची पोच मागता येते, तिचा वेगळा निरोप्या: डिलिव्हरी इंटेंट. तो चालू केल्यावर पहिल्याच रात्री पडद्यावर भलतंच दिसलं. यादीतल्या शेवटच्या सभासदाच्या नावापुढे ४९ पोच, बाकी सगळ्यांच्या पुढे रिकामं.

कारण असं. अँड्रॉइडमध्ये दोन पेंडिंग इंटेंट, म्हणजे हेच निरोपे, सारखे आहेत की वेगळे, हे ठरवताना आत भरलेली जादा माहिती बघितली जात नाही. मी प्रत्येक निरोप्याच्या पिशवीत सभासदाचा क्रमांक घातला होता, पण बाहेरून सगळे निरोपे एकसारखेच होते. फोननं एकच निरोप्या ठेवला आणि त्याच्या पिशवीतला क्रमांक दर वेळी बदलत गेला. शेवटी राहिला तो शेवटचा. उपाय सोपा: प्रत्येक मेसेजच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा विनंती क्रमांक द्या. मी आता मेसेजचा क्रमांक गुणिले दहा अधिक तुकडा, असा देतो. आमच्याकडे दहा तुकड्यांचा मेसेज कुणी लिहीत नाही.

याच ठिकाणी आणखी दोन खड्डे आहेत. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून हा निरोप्या बदलता येण्यासारखा आहे की नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं. सगळीकडे "बदलता येणार नाही" लिहा, असा सल्ला सर्रास मिळतो आणि एरवी तो बरोबरही आहे. पण पोचेचा मूळ कागद, म्हणजे नेटवर्ककडून आलेला अहवाल, फोन त्याच पिशवीत घालून देत असतो. पिशवी शिवून टाकली तर कागद आत जात नाही. म्हणून पोचेचा निरोप्या बदलता येणारा हवा, आणि तो फक्त तुमच्याच ॲपकडे येईल असा नेमका पत्ता त्यावर हवा.

दुसरा खड्डा जास्त वाईट. निरोप्या आला म्हणजे मेसेज पोचला, असं धरू नका. मेसेज कायमचा फसला तरी निरोप्या येतो! कागद उघडून आतला स्टेटस वाचावा लागतो: शून्य असेल तर पोचला, ६४ किंवा त्याहून जास्त असेल तर फसला. मी सहा महिने नुसता निरोप्या मोजत होतो.

पुन्हा १०८

तुकड्यांचं काम मिटलं, मेसेज एका तुकड्यात बसले, आणि एका गुरुवारी ॲपनं पुन्हा १०८ दाखवले. जादा पैसे कापले नव्हते, सगळे मेसेज गेले होते. जुनीच चूक परत आली असं समजून मी एक अख्खी संध्याकाळ तुकडे मोजत घालवली. तुकड्यांत काही नव्हतं.

झालं होतं असं की त्या रात्री लाईट गेली, पाळ्या पुढे सरकल्या, आणि मामांनी सगळ्यांना नवी वेळ कळवली. संध्याकाळी ५४, मध्यरात्र उलटल्यावर पुन्हा ५४. कंपनीचा दिवस रात्री बाराला बदलतो, म्हणून तिच्या लेखी गुरुवारचे ५४, शुक्रवारचे ५४. माझ्या ॲपचा दिवस बदलत होता पहाटे साडेपाचला.

फोन वेळ साठवतो ती १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे. मी त्याला एका दिवसाच्या ८,६४,००,००० मिलिसेकंदांनी भागून दिवस काढत होतो. ग्रिनिचची मध्यरात्र आपल्याकडे साडेपाच वाजता होते. गावात रात्री एकची पाळी "आजचीच" असते, तांबडं फुटलं की तारीख बदलते. माझ्या ॲपचंही तेच मत होतं.

दिवसा काम करणाऱ्याला ही चूक कधी दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं राहते. तिचा फटका दुसऱ्या दिवशी बसला: शुक्रवारी संध्याकाळी ॲप म्हणालं १०० शिल्लक, प्रत्यक्षात होते ४६. शेवटचे आठ जण अडकले. भागाकार सोडा, भारतीय वेळेचा कालक्षेत्र देऊन तारीख काढा. आणि चित्रांचे एमएमएसही मोजत असाल तर त्यांच्या तक्त्यात वेळ सेकंदांत असते. हजारानं गुणायला विसरलात तर ते सगळे १९७० च्या जानेवारीत जाऊन पडतात.

बारीकसारीक

काही जण निरोप्यांच्या भानगडीत न पडता फोनच्या मेसेज कोठारावर पाळत ठेवतात, बदल झाला की मोजणी एकनं वाढवतात. एकाच मेसेजची नोंद आधी पाठवायच्या रांगेत पडते, मग पाठवलेल्यांत जाते, मग पोच आली की पुन्हा बदलते. एका मेसेजचे तीन मोजले जातात. मोजायचं तर नोंदीच्या क्रमांकावरून मोजा, बदलांवरून नको.

कोठारातल्या नोंदी मोजून आकडा काढत असाल आणि तो रोज कमी होत असेल, तर कुणीतरी मेसेज पुसतंय. आमच्याकडे मामाच पुसत होते, "मेमरी फुल" होते म्हणून. ॲपची स्वतःची वही वेगळी ठेवा. तिच्यात फक्त भर पडते.

दोन सिमांच्या फोनवर सिमनिहाय हिशेब करताना कोठारातला सिमचा क्रमांक म्हणजे खाच एक आणि खाच दोन नसतो. तो त्या कार्डाला फोननं दिलेला असतो, नवं कार्ड घातलं की नवा मिळतो. तो ३ किंवा ७ दिसला तर घाबरू नका.

मेसेज ॲपमधून हातानं पाठवलेले काही मेसेज कुठेच सापडत नसतील तर आरसीएस (एसएमएसऐवजी वापरली जाणारी नवी मेसेज-सेवा) चालू आहे का बघा. ते इंटरनेटवरून जातात, एसएमएसच्या कोठारात शोधून उपयोग नाही, पॅकमधूनही कापले जात नाहीत. याच्या उलट, कंपनीच्या हिशेबात एखादा जादा दिसला आणि त्या दिवशी फोनवर यूपीआयचं ॲप नव्यानं चालू केलेलं असेल, तर तो तुमचाच आहे. सिम पडताळायला ते ॲप गुपचूप एक एसएमएस पाठवतं.

आणि दिवसाला शंभर हा सरकारी नियम आहे असं मामा सगळ्यांना सांगतात. तशी मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकानं २०११ च्या सप्टेंबरमध्ये घातली होती खरी, नोव्हेंबरमध्ये ती २०० केली, पुढे शंभरानंतरच्या मेसेजला किमान ५० पैसे लावायला सांगितले आणि २०२० मध्ये तेही काढलं. आत्ताचे शंभर तुमच्या पॅकचे आहेत. पॅकच्या अटी बघा, तिथे लिहिलेलं असतं.

कोड न उघडता तपासायचं असेल तर

घरातलाच दुसरा नंबर घ्या. त्यावर "क" हे अक्षर बरोबर ७० वेळा टाकून पाठवा, आधी आणि नंतर शिल्लक एसएमएस बघा. मग ७१ वेळा. पहिल्याला एक आणि दुसऱ्याला दोन कापले गेले, तर तुमचा फोन आणि कंपनी दोन्ही वर सांगितल्याप्रमाणेच वागतायत. तुमचं ॲप या दोन्हींना काय दाखवतं ते बघा. मग फोन विमान मोडवर टाकून एक पाठवा; तो "पाठवले"मध्ये धरला गेला तर चूक बटणावरच्या मोजणीत आहे. मग समोरचा फोन बंद करून एक पाठवा: "गेला" दिसायला हवं, "पोचला" नको. शेवटचा, रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. त्यासाठी जागावं लागतं, त्याला इलाज नाही.

मामांच्या पडद्यावर आता चार रकाने आहेत: सांगितले, गेले, कापले, पोचले. पहिले तीन गेल्या उन्हाळ्यापासून कंपनीशी जुळतायत. चौथ्यात दोन नावं कायम रिकामी राहतात. दोघांकडे जुने बटणाचे फोन आहेत, मेसेज त्यांना मिळतात, दोघे पाळीवर हजरही असतात, पोच मात्र परत येत नाही. मी कोड तीनदा तपासला, सिम बदलून बघितलं. त्या दोघांना मामा मेसेज टाकतात आणि वर एक मिस्ड कॉलही देतात.